घरच्या संगणकाचा वेग कसा जोखावा?

श्रोतेहो, बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो. पण त्याचं खरं बळ कळतं ते चिखलणीला. संगणकाच्या खोक्यावर छापलेला वेग म्हणजे नुसते दात! 2007 साली पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा ठरला, तो छापील वेगावर नव्हे. त्याला समीकरणांचा प्रचंड संच सोडवायला दिला, तेव्हा सेकंदाला सुमारे 118 लाख कोटी आकडेमोडी भरल्या. कागदावरचा आकडा याहून पुष्कळ मोठा होता, बरं का.

आता डोलवीसारख्या खाडीकाठच्या गावी, मे महिन्यातल्या दुपारी, घरचा संगणक जोखायचा आहे असं धरा. पहिल्या मिनिटाचा आकडा झकास येईल. त्यावर भुलू नये. आतली चकती शंभर अंशांच्या आसपास तापली की ती आपण होऊनच वेग उतरवते, नाहीतर जळेल बिचारी! म्हणून बाकीची कामं बंद करून चाचणी अर्धा तास चालू ठेवावी, तीनदा घ्यावी, मधला आकडा धरावा. पहाटेच्या गारव्यात तीच चाचणी पुन्हा करावी. दुपारचा आकडा बराच खाली असेल, तर नव्या यंत्रासाठी पैसे मोजण्याआधी वीज तोडून पंख्यावरची धूळ झाडावी आणि फिरून मोजावं.