मुक्या सोबत्याचा वियोग

घरातले कुत्रे किंवा मांजर गेल्यावर होणारे दुःख माणसाच्या मृत्यूनंतरच्या शोकाच्याच जातकुळीचे असते. जिव्हाळा निर्माण करणारी जैविक यंत्रणा दोन्हीकडे तीच आहे. कुत्रा आणि त्याचा पालक एकमेकांकडे टक लावून पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. आई आणि बाळाचे नाते घट्ट होण्यातही या संप्रेरकाचा वाटा असतो.

नात्याची दुसरी बाजू दिनक्रमाची. रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या गावांत प्राणी पडवीत, अंगणात, नारळी-सुपारीच्या वाडीत वावरतो. मासळी साफ करताना मांजरासाठी डोकी बाजूला काढली जातात, बैलाला ठरल्या वेळी वैरण पडते. प्राणी गेला तरी या सवयी लगेच जात नाहीत. हात वैरणीकडे वळतो, कान चाहूल घेत राहतो आणि दर वेळी उणीव नव्याने जाणवते.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजमान्यता न मिळालेल्या दुःखाची कल्पना मांडली. पाळीव प्राण्याचा वियोग त्यात चपखल बसतो. माणूस गेला की सुतक, दहावे, तेरावे होते, भेटायला माणसे येतात. प्राण्यासाठी यातले काही नसते. ‘जनावरच तर होते’ असे ऐकावे लागल्याने दुःख मनातच राहते. उपचाराला उशीर झाला किंवा दयामरणाचा निर्णय घ्यावा लागला, तर अपराधीपणाही छळतो.

प्राण्याची आठवण जाहीरपणे जपण्याचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यात, रायगड किल्ल्यावर आहे. शिवाजी महाराजांच्या वाघ्या कुत्र्याचे तेथील स्मारक १९३६ मध्ये उभे राहिले. वाघ्याच्या स्वामिनिष्ठेच्या कथेला समकालीन पुरावा नाही. स्मारकावरून वाद झाले, एकदा ते हटवून पुन्हा बसवण्यातही आले. मात्र स्वामिनिष्ठ प्राण्याची कथा लोकांना किती भिडते, हे त्यातून दिसते.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांच्या १९९९ च्या सिद्धांतानुसार शोकात माणूस दुःख आणि रोजची कामे यांच्यात ये-जा करत असतो. म्हणून रडू आले तर ते दाबू नये आणि कामात मन रमले तर त्याची खंतही बाळगू नये. छोटासा निरोपविधी, एखादे छायाचित्र, समजून घेणाऱ्याशी बोलणे यांचा आधार होतो. प्राण्याला वाडीत पुरायचे असल्यास जागा विहिरीपासून दूर आणि उंचावर असावी. किनाऱ्यालगत भूजल वर असते आणि रेताड जमिनीतून पाणी लवकर झिरपते. खड्डाही भटकी जनावरे उकरणार नाहीत इतका खोल हवा.

लहान मुलांना ‘तो झोपला’ किंवा ‘पळून गेला’ असे सांगू नये. मेलेला जीव परत येत नाही, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात पक्की होते. तोवर खरे, सोपे उत्तर वारंवार द्यावे लागते. मागे राहिलेला दुसरा प्राणीही खाणे-खेळणे कमी करू शकतो. त्याच्या वेळा बदलू नयेत आणि त्याने खाणे सोडलेच, तर पशुवैद्याला दाखवावे.

दुःखाची तीव्रता हळूहळू ओसरते. झोप, जेवण, काम अनेक आठवडे विस्कळीत राहिले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांची मदत घ्यावी. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. नवा प्राणी आणण्याची घाई करू नये. गेलेल्याची जागा भरावी म्हणून नव्हे, तर नव्या प्राण्याचा स्वतंत्र स्वभाव स्वीकारण्याची तयारी झाल्यावरच त्याला घरी आणावे.