शुक्रवार, पावणेआठची फेरी

एका मैदानावर गोल होतो आणि सव्वादोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या मैदानावर, जिथे त्या क्षणी काहीच घडलेलं नसतं, हजारो माणसांचे चेहरे उतरतात. तिथला चेंडू मैदानाच्या मध्यावरच असतो, पण खिशातले फोन थरथरलेले असतात. आयर्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री नेमकं हेच झालं. मला वाटतं, फुटबॉल पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं हे समजून घ्यायचं, तर जगातल्या श्रीमंत लीग बाजूला ठेवून आधी या रात्रीकडे पाहावं.

हंगामाची ती शेवटची फेरी होती. डब्लिनचा शेलबर्न संघ ६० गुणांवर होता, डब्लिनचाच शॅमरॉक रोव्हर्स ५८ वर. शेलबर्नचा सामना उत्तरेला डेरी शहरात, रोव्हर्सचा घरच्या मैदानावर, टॅलात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. आता हिशेब बघा. शेलबर्नने बरोबरी साधली आणि रोव्हर्स जिंकले, तर दोघांचे ६१ गुण होणार, आणि गोलफरकात रोव्हर्स पुढे असल्यामुळे विजेतेपद त्यांचं. ते सलग पाचवं ठरलं असतं आणि आयर्लंडमध्ये कुठल्याही क्लबने सलग पाच कधीच जिंकलेले नाहीत. डेरीत गोलफलक बराच काळ ०-० वर अडला होता. म्हणजे शेलबर्नचे पाठीराखे न हरताही विजेतेपद गमावण्याच्या बेतात होते. सामना संपायला मोजकी मिनिटं उरली असताना हॅरी वुडने गोल केला. शेलबर्न १-० ने जिंकलं. तिकडे टॅलात रोव्हर्सनेही वॉटरफर्डला २-१ ने हरवलं. ६३ विरुद्ध ६१. ज्यांचा संघ जिंकला होता तेच पाठीराखे मान खाली घालून घरी निघाले. अठरा वर्षांनी विजेतेपद मिळालेले शेलबर्नचे लोक मात्र परक्या गावात एकमेकांच्या गळ्यात पडत होते. त्यांचा प्रशिक्षक होता डेमियन डफ, एके काळी चेल्सीकडून खेळलेला आयर्लंडचा नावाजलेला विंगर.

एका गोलाने दोन गावांत दोन उलट्या गोष्टी घडवल्या. अशी जोडणी होते कशी?

या लीगच्या रचनेत त्याचं उत्तर आहे. प्रीमियर विभागात फक्त दहा क्लब. प्रत्येक जण प्रत्येकाशी हंगामात चार वेळा खेळतो, म्हणून ३६ फेऱ्या. बहुतेक सामने शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला, एकदमच सुरू होतात. (आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून सव्वाबारा झालेले असतात; हिवाळ्यात सव्वा.) दहाच क्लब असल्यामुळे गुणतक्त्यातला प्रत्येक जण प्रत्येकाच्या वाटेत येतो. तळाचा एक क्लब थेट खालच्या विभागात जातो, नवव्याला टिकून राहण्यासाठी आणखी एक सामना खेळावा लागतो. वरच्या तिघांना युरोपातल्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांचं दार उघडतं. देशाचा चषक जिंकणारा संघ या तिघांतलाच असला, तर ते दार चौथ्यालाही उघडतं. म्हणून चौथ्या क्रमांकाच्या क्लबचा पाठीराखा कधी कधी चषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या हाडवैऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसलेला असतो! मधल्या जागेवर निवांत बसायला इथे जागाच नाही.

चार वेळा भेटण्याचाही एक परिणाम आहे. फेब्रुवारीत ज्याने तुमच्या खेळाडूला पाडलं, तोच बचावपटू मेमध्ये, जुलैमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये समोर उभा असतो. हिशेब मिटत नाही, पुढच्या भेटीत जातो. त्यात आणखी एक फरक व्हीएआरचा, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याचा. मोठ्या लीगांमध्ये आता गोल झाल्यावरही आनंद अडवून ठेवावा लागतो, पडद्यामागे कुणीतरी रेषा आखत असतो. आयर्लंडच्या लीगमध्ये २०२५ च्या हंगामापर्यंत तरी व्हीएआर आलेलं नव्हतं. गोल झाला की झाला. पंच चुकला तर चुकला, आणि त्यावर लोक पुढचे आठ दिवस भांडतात. पण तो पहिला आवाज, जाळं हलल्याबरोबर छातीतून निघणारा, पूर्ण असतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

हंगामाचं गणितही निराळं आहे. युरोपातल्या बहुतेक लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपतात. आयर्लंडने २००३ पासून फेब्रुवारी-मार्च ते नोव्हेंबर असा हंगाम घेतला. कारण सरळ होतं: युरोपच्या पात्रता फेऱ्या जुलैत असतात आणि तेव्हा आयरिश खेळाडू सुट्टीवरून नुकते परतलेले, धापा टाकणारे असत. आता ते ऐन भरात असतात. त्यातून एक सुंदर गोष्ट आपोआप मिळाली. जूनमध्ये डब्लिनला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. पावणेआठला सुरू झालेला सामना उजेडातच संपतो आणि हरलेले-जिंकलेले सगळे उन्हातच घरी जातात.

पण नुसत्या रचनेतून एवढी भावना येत नाही. ती येते मालकीतून. आणि ही गोष्ट मला या साऱ्यातली सर्वात थक्क करणारी वाटते.

डब्लिनच्या उत्तर भागातला बोहेमियन्स क्लब १८९० सालचा. तो कुणा उद्योगपतीचा नाही, पहिल्यापासून आपल्या सदस्यांचा आहे. वर्गणी भरणारा माणूस सर्वसाधारण सभेत मत देतो. त्यांच्या डॅलिमाउंट पार्क मैदानावर ६ जुलै १९८० ला बॉब मार्लीची मैफल झाली होती, म्हणून या क्लबने पुढे जर्सीवर मार्लीला स्थान दिलं. २०२० साली त्यांच्या जर्सीच्या छातीवर जाहिरातदाराच्या जागी निर्वासितांचं स्वागत करणारे शब्द होते; अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आयरिश शाखेसोबत त्यांनी ती काढली. जिथे जर्सीवर काय छापायचं याचा निर्णय पाठीराखे घेतात, तिथे शुक्रवारी संघ हरला तर ती कुणा दुसऱ्याची हार नसते.

रोव्हर्सची कथा याहून कठीण आहे. त्यांचं मिलटाउनचं मैदान, ग्लेनमॅल्युअर पार्क, १९८७ साली मालकांनी सोडलं आणि जमीन विकली. संघ तेव्हा सलग चार वेळचा विजेता होता! पाठीराख्यांनी आंदोलन केलं, मालकांच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला, पण मैदान गेलं. पुढची बावीस वर्षं देशातला सर्वात यशस्वी क्लब भाड्याच्या मैदानांवर फिरत राहिला. २००५ मध्ये तो आर्थिकदृष्ट्या बुडायला आला, तेव्हा दरमहा पैसे भरणाऱ्या पाठीराख्यांच्या गटाने तो हाती घेतला. अखेर २००९ मध्ये टॅलात कायमचं घरचं मैदान मिळालं. त्याच वर्षी जुलैत तिथे रेआल माद्रिद मैत्रीपूर्ण सामना खेळायला आलं आणि क्रिस्तियानो रोनाल्डो माद्रिदच्या जर्सीत पहिल्यांदा मैदानात उतरला तो याच टॅलाच्या गवतावर. चार वर्षांपूर्वी ज्यांनी खिशातले पैसे घालून क्लब जगवला होता, ती माणसं त्या दिवशी कशी पाहत असतील!

आता डेरी. पावणेआठच्या फेरीतलं हे सर्वात विलक्षण गाव. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहे, पण डेरी सिटी संघ खेळतो आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये. बाकी नऊ मैदानांवर तिकीट युरोत, इथे पौंडात. परगावच्या प्रत्येक सामन्यासाठी संघ आणि पाठीराखे सीमा ओलांडतात.

हे समजायला १९२१ पर्यंत मागे जावं लागतं. तोवर साऱ्या बेटाचं फुटबॉल बेलफास्टहून चालत असे. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. त्या वर्षी आयरिश चषकाच्या उपांत्य फेरीत शेलबर्न आणि ग्लेनावन यांचा बेलफास्टमधला सामना बरोबरीत सुटला. फेरसामना डब्लिनला व्हावा अशी रीतसर अपेक्षा होती, संघटनेने तो पुन्हा बेलफास्टलाच ठेवला. शेलबर्नने जायला नकार दिला. तणाव आधीपासून होताच, याने तो तुटेपर्यंत ताणला गेला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये वेगळी संघटना आणि वेगळी लीग उभी राहिली. पहिल्या हंगामात आठ संघ, आठही डब्लिनचे. पहिला विजेता सेंट जेम्सेस गेट, गिनेस मद्यनिर्मिती कारखान्याचा संघ. त्या आठांतले आज दोनच लीगमध्ये आहेत: बोहेमियन्स आणि शेलबर्न.

डेरी तेव्हा बेलफास्टच्याच बाजूला राहिलं. पुढे उत्तरेत हिंसाचाराचं पर्व सुरू झालं. डेरीचं ब्रँडीवेल मैदान बॉगसाइड वस्तीला लागून, जिथे ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्याआधीच, १९७१ मध्ये, पाहुण्या पाठीराख्यांची बस तिथे जाळली गेली होती आणि ब्रँडीवेलवर सामने बंद झाले होते. डेरीला आपले 'घरचे' सामने पन्नासेक किलोमीटरवरच्या कोलरेनला खेळावे लागत. पाठीराखे जाईनात, तिजोरी रिकामी झाली. सुरक्षा दलांनी मैदान पुन्हा सुरक्षित ठरवलं, तरी बाकीच्या क्लबांनी बहुमताने नकार दिला. ऑक्टोबर १९७२ मध्ये डेरी लीगमधून बाहेर पडलं. तेरा वर्षं या गावाला वरच्या दर्जाचं फुटबॉल नव्हतं. १९८५ मध्ये विशेष परवानगीने त्यांना दक्षिणेच्या लीगमध्ये जागा मिळाली. मैदानात पोलिस नकोत, व्यवस्था गावातले स्वयंसेवकच बघतील, असं ठरलं, आणि त्यांनी ती सांभाळली. चारच वर्षांनी, १९८९ मध्ये, डेरीने लीग, चषक आणि लीग-चषक असे तिन्ही किताब एका हंगामात जिंकले.

मार्च २०१७ मध्ये त्यांचा कर्णधार रायन मॅकब्राइड सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी अचानक वारला. वय सत्तावीस, घर ब्रँडीवेलच्या शेजारीच. आज मैदानाला त्याचं नाव आहे आणि पाच क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली आहे.

एवढं असूनही या लीगने आपल्याच देशात उपेक्षा सोसली. आयरिश माणसाचं पहिलं प्रेम बहुधा गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगवर. सॉकरला परक्यांचा, इंग्रजी छावण्यांचा खेळ मानलं जाई. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड गेलिक भाषेचे आयुष्यभराचे उपासक; पण १९३८ मध्ये ते डॅलिमाउंटला आयर्लंड-पोलंड सामना पाहायला गेले म्हणून गेलिक खेळांच्या संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं. परक्या खेळांवरची ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. आणि ज्यांना सॉकर आवडे, त्यांतले कितीतरी जण पबमध्ये बसून लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेड बघत. मैदानावर जाणारे लोक त्यांना 'बारस्टूलर' म्हणतात, आणि त्या शब्दात राग पुरेपूर असतो. तो राग मला योग्य वाटतो. दोन किलोमीटरवर आपला संघ खेळत असताना समुद्रापलीकडच्या संघाला 'आम्ही' म्हणणं ही मोठी गमावणूक आहे.

अलीकडे वारं फिरलं आहे, आणि त्याचं एक कारण ब्रेक्झिट आहे! पूर्वी गुणी आयरिश मुलं सोळाव्या वर्षीच इंग्लंडला जात. २०२१ पासून अठराव्या वर्षाआधी तिथल्या क्लबकडे जाता येत नाही, म्हणून ती घरच्या लीगमध्ये मोठ्यांशी खेळू लागली. सेंट पॅट्रिक्स क्लबचा मेसन मेलिया इथेच खेळत इंग्लंडच्या टॉटनमच्या नजरेत भरला आणि लीगच्या इतिहासातल्या विक्रमी रकमेचा करार झाला. रोव्हर्सच्या मायकल नूननने फेब्रुवारी २०२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, नॉर्वेत मोल्डेविरुद्ध युरोपीय सामन्यातला एकमेव गोल केला. त्याच महिन्यात बोहेमियन्स-रोव्हर्स सामना डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर झाला. ३३ हजारांहून अधिक लोक आले, लीग सामन्याच्या गर्दीचा तो विक्रम ठरला.

डब्लिनमध्ये कामाधंद्यानिमित्त राहणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं आहे: शनिवारी टीव्हीवर इंग्लंड बघाच, पण एखाद्या शुक्रवारी लुआस ट्रामच्या लाल मार्गाने शेवटच्या टॅला थांब्यापर्यंत जा. तिथून स्टेडियम चालत गाठता येतं. तिकीट आधी काढून ठेवा, कारण मोठ्या सामन्यांना आता ती उरत नाहीत.