'स्थानापन्न' म्हणजे कोण?

प्रशासकीय मराठीत 'स्थानापन्न' या शब्दाचा प्रवास उलटा झाला आहे. व्युत्पत्तीने 'स्थान प्राप्त झालेला' असा अर्थ. कार्यालयात मात्र जागेवर बसलेला, तरी 'कायम' न झालेला, तो स्थानापन्न. या फरकापायी महाराष्ट्रातील उपअभियंते अनेक वर्षे न्यायालयात झगडले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा किंवा भंडारदरा प्रकल्पावर पाटाचे काम पाहणारा उपअभियंता या पदावर दोन वाटांनी येई : खालच्या पदावरून पदोन्नतीने किंवा थेट सरळसेवेने. काम एकच. परंतु १९६०च्या नियमांनी पदोन्नतांची ज्येष्ठता कायम होण्याच्या वर्षाशी बांधली होती आणि कायम करण्याचे आदेश तर वर्षानुवर्षे रेंगाळत. परिणामी मागाहून आलेला सरळसेवा अधिकारी ज्येष्ठतासूचीत वर जाई. पुढे कार्यकारी अभियंतापदाचा क्रमही त्याचाच आधी लागे.

१९७७मध्ये पटवर्धन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केली. सरळसेवा अभियंत्यांच्या संघटनेने वाद पुढे नेला, तेव्हा २ मे १९९० रोजी घटनापीठाने सूत्र स्पष्ट केले : नेमणूक नियमानुसार असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिनांकापासून मोजावी, कायम होण्याच्या नव्हे, नियमबाह्य, निव्वळ वेळ निभावण्यासाठी केलेल्या तदर्थ नेमणुकीचा काळ मात्र धरू नये.

साहजिकच आता आदेशातील 'तदर्थ' या शब्दावर वाद होतात.