तालुक्याच्या गावी ‘पूल’ शोधताना

तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरून ‘इथे पूल कुठे आहे हो?’ असे विचारले, तर समोरचा माणूस नदीकडे बोट दाखवतो. ‘जुना की नवा?’ असेही वर विचारतो. एखादा पोहण्याच्या तलावाचा पत्ता सांगतो. आपल्याला हवे असते ते हिरव्या कापडाचे टेबल, हातातली लांब काठी आणि सोळा बॉल. गंमत अशी, की हे टेबल गावात असतेच, पण लोक त्याला पूल म्हणत नाहीत. टेबल पूलचे असो की आणखी कसले, सरसकट नाव ‘स्नूकर’. तेव्हा ‘स्नूकर कुठे खेळतात?’ असे विचारावे, आणि तेही रिक्षावाल्याला नव्हे, तर कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याला. बाहेरगावची मुले होस्टेलवर राहतात तिथे संध्याकाळ घालवायची सोय कुणीतरी केलेली असतेच. इंजिनिअरिंगचे किंवा फार्मसीचे कॉलेज असेल, तर अर्ध्या कोसात टेबल सापडण्याची शक्यता बरीच.

आता हे तीन खेळ वेगळे कसे, तेवढे सांगतो. बिलियर्ड्समध्ये तीन बॉल. स्नूकरमध्ये बावीस: पंधरा लाल, सहा इतर रंगांचे आणि एक पांढरा. पूलमध्ये पंधरा अंकांचे आणि एक पांढरा. पहिले दोन खेळ बारा फूट बाय सहा फुटांच्या टेबलावर होतात, पूलचे टेबल सात, आठ किंवा फार तर नऊ फुटांचे. कॅरम खेळलेल्या माणसाला यातले बरेचसे आधीच येत असते. कडेवर आपटून सोंगटी कुठल्या कोनात परतेल, हे आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही कळते.

मग लहान गावात पूलच का येतो, स्नूकर का नाही? याचे उत्तर टेबलात नाही, खोलीत आहे. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा 100 इंच बाय 50 इंच. क्यू, म्हणजे ती काठी, साधारण 58 इंचांची. बॉल कडेला चिकटलेला असला तरी काठी मागे ओढता आली पाहिजे, म्हणून चारी बाजूंना तेवढी जागा सोडायची. हिशेब केला तर खोली 18 फूट बाय 14 फूट हवी. स्नूकरला 22 बाय 16. बाजारपेठेतला दुकानाचा गाळा असतो दहा-बारा फूट रुंद. म्हणून ही टेबले तळघरात किंवा दोन गाळ्यांमधली भिंत काढून बसवलेली दिसतात. त्यात नेमका एक खांब मध्ये येतो. अशा ठिकाणी मालक कोपऱ्यात एक आखूड काठी उभी करून ठेवतो. खांबाजवळचा फटका त्या काठीने मारायचा. खेळायला जाल तिथे ही आखूड काठी आहे का बघा. असेल तर जागा अपुरी आहे असे समजा, पण मालक जाणकार आहे असेही समजा!

एके काळी या टेबलांचा पत्ता फार थोड्यांना ठाऊक असे. स्नूकरचा जन्मच मुळी आपल्या देशातला, 1875 साली जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो काढला (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे), आणि नियम पक्के झाले ते उटीच्या क्लबात. म्हणजे मुंबई-कलकत्त्यात नव्हे, तर छावणीच्या गावात आणि थंड हवेच्या ठिकाणी. पण दार बंद होते. क्लब, जिमखाने, रेल्वेच्या इन्स्टिट्यूट, संस्थानिकांचे राजवाडे इथेच टेबले असत, आणि आत जायला सभासदत्व किंवा ओळख लागे. जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय खेळाडू विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. 1958 आणि 1964 साली ते बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. इतके होऊनही खेळ सामान्य घरांपर्यंत आला नाही. पैसे देऊन कुणालाही खेळता येईल असे पार्लर आपल्याकडे खरे वाढले ते 1991 नंतरच्या दशकात. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या गावातले ते तळघर हे या खेळाचे पहिले उघडे दार आहे. पंकज अडवाणी हाही पुण्यात जन्मलेला. त्याला बंगळूरला असताना या खेळाची गोडी लावली ती मोठ्या भावाने, आणि पुढे त्याने पंचविसाहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली. घराजवळ टेबल असणे ही साधी गोष्ट नव्हे.

टेबल चांगले की वाईट, हे कसे ओळखावे? हिरव्या कापडाखाली काय आहे त्यावर सगळे अवलंबून. चांगल्या टेबलाला दगड असतो. स्लेट म्हणतात तो, एका लादीचा नव्हे, बहुधा तीन तुकड्यांचा. दगड का, तर लाकूड हवेतल्या ओलीने वाकते, दगड वाकत नाही. स्वस्त टेबलात दगडाऐवजी दाबलेल्या भुशाची फळी घालतात. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एका पावसाळ्यात तिला पोक येतो. दगडी टेबलाचे वजन मात्र काही क्विंटल भरते, आणि किंमत लाखाच्या पुढे जाते. परीक्षा सोपी आहे. पांढरा बॉल अगदी हळू, कडेला समांतर सोडा. थांबता थांबता तो एका बाजूला कलला, तर टेबल समतल नाही. मग काठी टेबलावर आडवी ठेवून लोळवा; टोक उड्या मारू लागले तर काठी वाकडी, दुसरी घ्या. काठीच्या टोकाची चामड्याची टिकली गुळगुळीत झाली असेल, तर कितीही खडू लावा, बॉल सटकणारच.

पावसाळ्यात कापड ओल धरते, बॉल जड झाल्यासारखा चालतो. त्याला इलाज नाही. फटका जोरात मारायचा. मोठ्या स्पर्धांत टेबल खालून गरम ठेवतात. आपल्याकडे निदान दिवा टेबलाच्या बरोबर मधोमध असला आणि वीज राहिली तरी पुष्कळ.

पण मला विशेष सांगायचे आहे ते मार्करविषयी. क्लबात गुण मांडणारा, टेबल झाडणारा, कापडाला ब्रश करणारा जो माणूस असे, त्याला मार्कर म्हणतात. सभासद येत-जात, मार्कर कायम. नवख्याला काठी धरायला शिकवणारा तोच. लहान गावातल्या पार्लरमध्ये तासाचे पैसे घेणारा मुलगा असतो, मार्कर नसतो. त्यामुळे कापड फाटले तर चिकटपट्टी लागते, आणि दगडाचा जोड वर आला तर मुंबई-पुण्याहून मिस्त्री येईपर्यंत महिने जातात. टेबल बिघडते, खेळणारे कमी होतात, आणि उरतात ते नुसते बसणारे.

इथेच ‘अड्डा’ हा शब्द येतो. हा बदलौकिक जुना आहे. ‘पूल’ या शब्दाचा मूळ अर्थच सगळ्यांनी मिळून लावलेला पैसा. अमेरिकेत पूलरूम म्हणजे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची जागा. दोन शर्यतींमध्ये वेळ जावा म्हणून तिथे टेबल ठेवत, आणि नाव टेबलाला चिकटले. आपल्याकडे हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे, ही रीत आहे. ती निरुपद्रवी वाटते. त्यावर पैज चढली की तो जुगार होतो. करमणुकीच्या जागेला पोलीस कायद्याखाली परवाना लागतो. तो भिंतीवर दिसेल असा लावलेला असेल, दर लिहिलेले असतील, तर मालकाला लपवायचे काही नाही, असे मी धरून चालतो. सिगारेटला मनाई हवीच. कायदा बाजूला ठेवा, एक ठिणगी कापडाला भोक पाडते.

आणि मुली? तळघराच्या काळोख्या जिन्याने कुठली आई मुलीला पाठवील? तेच टेबल रस्त्यावरून दिसेल अशा काचेमागे ठेवा, चित्र बदलते. तालुका क्रीडा संकुलात टेबल टेनिसला जागा असते. तिथे एक दगडी टेबल आणि पगारी मार्कर ठेवायला काय हरकत आहे? जिल्ह्याच्या जुन्या क्लबांमध्ये मेणकापडाखाली झाकलेली टेबले मी पाहिली आहेत. शेजारच्या खोलीत पत्ते जोरात चालू असतात. आठवड्यातून दोन सकाळी ती खोली शाळकरी मुलांना उघडली, तर सभासदांचे काहीच जाणार नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर सुट्टीचा दिवस टाळा, दुपारी बाराच्या आत जा. टेबल रिकामे असते आणि मालकाला बोलायला वेळ असतो. खेळ बहुधा ‘एट बॉल’ असेल. एकाने 1 ते 7, दुसऱ्याने 9 ते 15 आकड्यांचे बॉल घालवायचे, काळा 8 सर्वांत शेवटी. तो आधी पडला की डाव गेला. पांढरा बॉल पडला तर काय, हे मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे समोरच्याने तो टेबलावर हवा तिथे ठेवायचा. काही ठिकाणी फक्त रेघेमागून खेळू देतात, काही ठिकाणी दोन फटके देतात. भांडणे होतात ती यावरूनच.