अडचणीच्या दिवसांत सहलीला जावं का?

घरात आजारपण चालू असतं, कुणाची नोकरी गेलेली असते, किंवा जवळचं माणूस जाऊन जेमतेम दोन महिने झालेले असतात. अशात एखादा जुना मित्र म्हणतो, "चल, दोन दिवस कुठंतरी बसून येऊ." जावंसं वाटतं, पण पाय निघत नाही. त्यामागे पुष्कळदा गैरसमजच असतात. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास राहणाऱ्यांसाठी ते जरा तपासून पाहू.

गैरसमज: दुःखात फिरायला जाणं म्हणजे मजा मारणं.

दुखवट्याच्या रूढी घराघरांत वेगळ्या. वर्षभर टाळले जातात ते सहसा सणवार आणि मंगलकार्यं. तीन-चार जिवलगांनी एकत्र बसण्याला समारंभ म्हणत नाहीत. खरं तर संकट हाच विषय या शहराच्या डोंगरात कोरलेला आहे. बीबी का मकबऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर औरंगाबाद लेणी आहेत. त्यातल्या सातव्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना आठ महाभयांची छोटी छोटी दृश्यं. आग, तलवार उगारलेला दरोडेखोर, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक दृश्यात हात जोडलेली साधी माणसं. साधारण सहाव्या शतकातलं हे काम. व्यापारी मार्गावरच्या प्रवाशांना कशाकशाची धास्ती वाटायची, याची यादीच म्हणा ना. त्याच लेण्यात आत नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रियाही आहेत. दाराशी भय आणि आत नाच-गाणं. कोरणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, मग आपल्यालाच का वाटावं?

गैरसमज: मन रमवायचं तर कार्यक्रम भरगच्च हवा.

हा सगळ्यात महागात पडणारा समज. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर लोकांचा अभ्यास झाला आणि तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवरून परतल्यावर न गेलेल्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते फक्त ज्यांची सुट्टी 'अगदी निवांत' गेली होती ते. बाकीचे आणि घरी राहिलेले यांच्यात फरक दिसला नाही.

आपल्याकडे मात्र अजिंठा, वेरूळ, देवगिरी, मकबरा असं सगळं दोन दिवसांत उरकायचं ठरतं. अजिंठा शंभर किलोमीटरवर, वेरूळ तीसवर आणि दिशाही वेगळ्या. अजिंठ्याला तर फर्दापूर टी-पॉइंटला आपली गाडी ठेवून पुढं बसने जावं लागतं. धड असलेला माणूसही या धावपळीत वैतागतो.

त्यापेक्षा एकटं वेरूळ घ्या आणि तेही अर्धंच. चौतीस लेण्यांपैकी गर्दी लोटते ती सोळाव्यावर, म्हणजे कैलासावर. पाचव्या लेण्यात दगडातच कोरलेले दोन लांबलचक, बुटके बाक समोरासमोर आहेत, ते सावकाश पाहा. दहाव्यात छताला दगडी फासळ्या आहेत, लाकडी वाशांसारख्या. तिथं आपोआपच आवाज खाली येतो. पावसाळ्यात एकोणतिसाव्याजवळ धबधबा असतो, तो लांबूनच बघावा. शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी पाय ठेवू नका, आधीच अडचणी काय कमी आहेत?

गैरसमज: आपलं रडगाणं मित्रांच्या गळ्यात कशाला? एकट्यानं जावं.

सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक गमतीशीर प्रयोग मांडला. टेकडीच्या पायथ्याशी मित्रासोबत उभं राहिलेल्यांना चढ कमी वाटला, एकट्यांना जास्त. मैत्री जितकी जुनी, तितका चढ सोपा. अशा प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या, म्हणून त्याला वेदवाक्य मानू नका. पण देवगिरीची अंधारी पार करून बारादरीपर्यंत जो चढला आहे, त्याला सोबतीची किंमत प्रयोगाविनाही कळते. मात्र माणसं निवडून न्या. सतत उपदेश करणारा नको आणि दर पाच मिनिटांना "आता बरं वाटतंय ना?" विचारणारा तर नकोच.

गैरसमज: खिशाला परवडणार नाही.

साधारण डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी आखाड्यावर हुरडा असतोच. गोवऱ्यांच्या आगटीत गुळभेंडीची कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. शहराबाहेरच्या हुरडा पार्ट्या आता तिकीट लावून होतात, लाऊडस्पीकरसकट. आपल्याला हवा तो आखाडा तसला नव्हे. खर्च टीटीएमएम ठेवा आणि ज्याच्यावर वेळ आली आहे त्याचा वाटा बाकीच्यांनी गुपचूप उचला. त्याला 'आम्ही भरले' असं सांगायची गरज नाही.

गैरसमज: एकदा फिरून आलं की माणूस सावरतो.

नाही. सुट्टीच्या परिणामावरचे अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये पाहिलं गेलं, तेव्हा तब्येतीत आणि मनःस्थितीत पडलेला फरक दोन ते चार आठवड्यांत विरून जातो असं आढळलं. म्हणूनच वर्षातून एकदा मोठी सहल काढण्यापेक्षा अधूनमधून म्हैसमाळला जाऊन चहा पिऊन येणं अधिक उपयोगी, असं माझं मत. आणि झोप उडालेली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर मित्र पुरे पडत नाहीत. अशा वेळी 14416 या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येतं.

जायचं ठरलंच, तर एक लक्षात असू द्या: अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी.