दिवाणांचे नगर

उदयपुरास जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा पिछोला सरोवराच्या काठी उतरतो, राजवाड्याच्या सज्जांतून पाण्यावर तरंगल्यासारखा दिसणारा जगनिवास महाल डोळे भरून पाहतो, आणि वेळ उरलाच तर परतीच्या दिवशी एकलिंगजी महादेवांचे दर्शन उरकून घेतो. परंतु ज्या मेवाड राज्याचा महाराणा स्वतःस एकलिंगजींचा केवळ दिवाण म्हणवीत असे, त्या राज्याची राजधानी पाहण्याचा हा क्रम मला उलटा वाटतो. धन्याच्या भेटीआधी कारभाऱ्याचा वाडा पाहावा, तसे ते होते.

दिवाण ही पदवी शोभेची नव्हती. मेवाडच्या जुन्या सनदांच्या माथ्यावर एकलिंगजींच्या प्रसादाचा उल्लेख, त्याखाली भाल्याची निशाणी आणि मग इनामाचा मजकूर आढळतो. म्हणजे दिलेले गाव देवाचे, देणारा हात तेवढा राण्याचा. भोसले घराण्याने आपली वंशपरंपरा मेवाडच्या याच सिसोदिया राजघराण्याशी जोडलेली असल्याने मराठी वाचकास या दिवाणगिरीचे अगत्य वाटावे.

शहरापासून सुमारे २२ किलोमीटरांवर, अरवलीच्या डोंगरांत, कैलासपुरी हे एकलिंगजींचे लहानसे गाव आहे. या क्षेत्राचा आरंभ परंपरा मेवाडच्या राजघराण्याचा मूळपुरुष बाप्पा रावळ याच्याकडे नेते. आजचे मुख्य मंदिर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आलेल्या महाराणा रायमल यांच्या जीर्णोद्धाराचे. गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाच्या लिंगाला चार मुखे आहेत : पूर्वेस सूर्य, पश्चिमेस ब्रह्मा, उत्तरेस विष्णू आणि दक्षिणेस रुद्र. परिसरातील लकुलीशाचे देऊळ तर इ. स. ९७१ चे, म्हणजे उदयपूर वसण्यापूर्वी जवळजवळ सहा शतके येथे पाशुपत शैव साधूंचा वास होता.

जवळच नागदा येथे दहाव्या शतकातील विष्णुमंदिरांची जोडी आहे. मूळच्या ‘सहस्रबाहू’चे लोकांच्या तोंडी ‘सास-बहू’ झाले, असे सांगतात. पूजा कधीच थांबली; पण समोरचे दगडी तोरण, कोरीव स्तंभ आणि मंडपाच्या छतावर उमललेली शिल्पे पाहताना दोन प्रहर कसे सरतात, ते कळत नाही.

त्यानंतर नगरात परतावे. महाराणा उदयसिंहांनी १५५९ मध्ये ते वसविले, आणि १५६८ मध्ये चितोड अकबराच्या हाती गेल्यावर मेवाडची गादी येथेच स्थिरावली. पिछोल्याचा बांध त्याहून जुना; चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने तो घातला, अशी आख्यायिका आहे. राजवाड्यालगत महाराणा जगतसिंहांनी १६५१ मध्ये पूर्ण केलेले जगदीश मंदिर आहे. त्याच्यासमोर हात जोडून बसलेला पितळी गरुड जरूर पाहावा. धन्याला आधी भेटून आल्यामुळे आता वाड्याचे दालन नि दालन निराळे दिसू लागते.

एकलिंगजींच्या दर्शनाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि आत छायाचित्रे घेता येत नाहीत. तेव्हा उदयपुरातील पहिलीच सकाळ कैलासपुरीसाठी राखावी.