मुंबई ते चिपी: हवेत किती, जमिनीवर किती?

गणपती जवळ आले की माहीम-दादरच्या मालवणी घरांत एकच विषय: तिकीट! कोकण रेल्वेचं आरक्षण हुकलं की नजर विमानाकडे वळते. म्हणून मुंबई आणि सिंधुदुर्ग (चिपी) या दोन विमानतळांमधल्या अंतराची ही गंमत.

अंतर किती?
सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. रस्त्याने हाच पल्ला पाचशेच्या आसपास जातो. घाट, वळणं आणि खाड्या विमानाच्या आड येत नाहीत.

मग वेळ का लागतो?
९ ऑक्टोबर २०२१ला चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान तिथे उतरलं. पंख्यांवर उडणारं हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं. त्या हिशेबाने ४२ मिनिटं पुरेत. त्याच्या वेळापत्रकात मात्र जवळपास दीड तास असायचा! कारण घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि मुक्कामी उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण सगळं त्यात येतं.

खिडकी कुठली?
जाताना उजवीकडची, येताना डावीकडची. समुद्र त्याच बाजूला. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे हवा स्वच्छ असली तर किनारा मोकळा दिसतो. चढायचं मात्र मागच्या दाराने; पुढच्या भागात सामान असतं.

माहीम ते दादर, विमानाने?
स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या विमानफेरीचं अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, म्हणजे आपलं माहीम ते दादर! वेळापत्रकात दोन मिनिटं. विक्रम ५३ सेकंदांचा. मुंबईची मुख्य धावपट्टीच याहून लांब आहे.

तीन शेजारी
चिपी ते गोव्यातलं मोपा हवाई अंतर सुमारे ४५ किलोमीटर, मोपा ते गोव्यातलंच दाबोळी सुमारे ४०. मोपाहून प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३पासून उडू लागली. बांदा, दोडामार्गवाल्यांना तेच सोयीचं. मालवण चिपीपासून सरळ रेषेत दहाएक किलोमीटरवर, पण मध्ये कर्ली खाडी आहे.

कोड वाचा
तिकिटावर बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ, माहीमहून हाकेच्या अंतरावर. एनएमआय म्हणजे नवी मुंबई, खाडीपलीकडे. गोव्यात जीओएक्स मोपा, जीओआय दाबोळी.

सुरुवात जुहूची
१५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं, ते जुहूच्या धावपट्टीवर. आपल्या हवाई वाहतुकीचा पाया पश्चिम उपनगरातच पडला.

तिकीट काढण्याआधी उंबरठा ते उंबरठा हिशेब करा: घर ते विमानतळ, तपासणी, उड्डाण आणि पुढे गावापर्यंतची गाडी. चिपीच्या फेऱ्या बदलत असतात; त्या दिवशी विमान आहे ना, हे आधी पाहा आणि गावच्या गाडीवाल्याला वेळेत कळवा.